ग्यालसन मिस्त्रीचा कान

लोसरच्या, नव्या वर्षाच्या सणाच्या, चौथ्या दिवशी सकाळी वारा पडला, आणि वारा पडल्यावरच चुमाथांगची थंडी काय असते ते कळलं. आधीचे तीन दिवस वारा असा सुटला होता की थंडीकडे लक्ष द्यायला कुणाला सवडच नव्हती. आता आभाळ घासल्या ताटासारखं लख्ख झालं होतं. सिंधू दोन्ही काठांनी गोठत आली होती आणि मधे चार हात रुंदीची हिरवी धार तेवढी वाहत होती. खाली गरम झऱ्यांवर वाफेचे खांब सरळ उभे होते, जरा म्हणून हलत नव्हते.

त्या वाफेतून ग्यालसन मिस्त्री खांद्यावर कावड घेऊन वर आला. कावडीच्या दोन्ही टोकांना तेलाचे रिकामे डबे आणि डब्यांत झऱ्याचं उकळतं पाणी. मिशीवर वाफ बसायची आणि बसल्या जागी तिचा बर्फ व्हायचा. ही सहावी खेप होती. अंगणात ट्रकवाल्या पाल्जोरची जुनी सहाचाकी उभी होती. तिच्या टाकीला, पंपाला आणि खाली तेलाच्या भांड्याला गोणपाटं गुंडाळली होती. ग्यालसन त्या गोणपाटांवर वाटी वाटीनं पाणी सोडत होता, देवाला अभिषेक करावा तसं.

घाई करून चालत नाही. पंपावर एकदम उकळतं ओतलं तर पंप तडकतो आणि मग अख्खा हिवाळा गाडी तिथंच उभी राहते. ओतलेलं पाणी खाली ठिबकून ब्रेकच्या दांड्यांवर गोठतं, ते हातोडीनं हलके हलके झाडावं लागतं. आणि सगळ्यात मोठा नियम असा की टाकीच्या झाकणाकडे पाण्याचा थेंबही जाऊ द्यायचा नाही. डिझेलमध्ये पाणी उतरलं की नळीत त्याची गोळी होते. म्हणून ग्यालसन झाकणावर आधी मेंढीच्या कातड्याचा तुकडा बांधायचा आणि मगच कावड उचलायचा. बाकी जगात मिस्त्री ट्रकच्या पोटाखाली जाळ करतात, दाढ्या जाळून घेतात. चुमाथांगच्या मिस्त्रीला पृथ्वीनंच पाणी तापवून दिलेलं. सव्वीस वर्षं त्याचं पोट या झऱ्यांवर चाललं होतं.

आज मात्र पोटाचा प्रश्न नव्हता. ट्रकमध्ये चाळीस पोती सातूचा कोंडा होता आणि वाळल्या लसूणघासाच्या पेंढ्या ताडपत्रीला टेकेपर्यंत रचल्या होत्या. हा चारा जायचा होता वर सुमदोच्या बाजूला, पाच तंबूंच्या वस्तीवर. तिथं आधी बर्फ पडलं, मग ऊन पडलं आणि वरचा थर काचेसारखा घट्ट झाला. शेळ्यांना खूर मारून तो फुटेना. लोसरच्या तिसऱ्या दिवशी त्या वस्तीतला एक माणूस चालत महेच्या पुलापर्यंत आला होता आणि त्यानं निरोप ठेवला होता : शेळ्या एकमेकींच्या अंगावरची लोकर खायला लागल्यात. पश्मिन्याच्या मुलखात यापुढे काही सांगावं लागत नाही. लोकर खाणारी शेळी फार तर आणखी दोन रात्री काढते. त्यातली एक तर त्या निरोपानंतर उलटून गेली होती.

पाच तंबूंपैकी एक ग्यालसनच्या थोरल्या बहिणीचा, अचे ल्हामोचा. आई गेली तेव्हा ग्यालसन दीड वर्षाचा होता आणि ल्हामो अकराची. तिनं त्याला पाठीवर बांधून शेळ्या वळल्या. आता ती सत्तरीला टेकलेली, मूलबाळ नाही, नवरा गेलेला. जे काही तिचं म्हणून होतं ते एकशे चाळीस शेळ्यांच्या चार पायांवर उभं होतं.

पाल्जोर चारा घेऊन लोसरच्या आदल्या संध्याकाळीच इथवर आला होता, पण पुढचा रस्ता बंद. रस्त्याचे लोक काल रात्री बर्फ काढून मोकळे झाले. आणि उद्या पुन्हा आभाळ भरणार, असं गुडघे दुखणारे सगळेच म्हणत होते. म्हणजे मधे हा एकच दिवस.

तीन दिवस अडकलेला पाल्जोर ग्यालसनच्याच घरी लोसर जेवला. लोसरच्या सकाळी ग्यालसनची बायको यांगडोल लोण्याची वाटी घेऊन निघाली. चौकटीला लोण्याचं बोट लावलं, खांबाला लावलं, चुलीला, सातूच्या दारूच्या, छांगच्या मडक्याला, म्हाताऱ्या गाढवाच्या कपाळाला आणि नवऱ्याच्या टकलाला. मग तिला वाटलं, आपल्या नणंदेचा चारा घेऊन जाणारी ही गाडीही या वर्षी घरचीच म्हणायची. ती अंगणात गेली. दोन्ही दिव्यांना, बॉनेटला, आरशांना, जिथं जिथं हात पोचला तिथं तिनं लोणी लावलं. पाल्जोर तिला अनेले म्हणायचा, आत्या, आणि ग्यालसनला अझांगले, मामा. तो म्हणाला होता, अनेले, टायरांनाही लावा, त्यांनाही टक्कल पडलंय.

आठव्या खेपेनंतर ग्यालसननं गोणपाटं सोडली. रात्रभर चुलीजवळ निजवलेली बॅटरी पाल्जोरनं पोराला घ्यावं तशी उचलून आणून बसवली. ग्यालसननं हातपंप मारून डिझेलच्या नळीतली एअर काढली आणि बोट वर केलं. सेल्फ दोनदा कण्हला, तिसऱ्यांदा इंजिन खोकलं आणि पांढरा धूर ओकत लागलं.

ग्यालसननं लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचं टोक इंजिनाच्या अंगावर टेकवलं आणि लाकडी मूठ दातांत धरून डोळे मिटले. ही त्याची रीत अलीकडची. लोक म्हणायचे, ग्यालसन मिस्त्री इंजिन चाखून बघतो. कारूपासून न्योमापर्यंत त्याची कीर्ती होती. खरी गोष्ट वेगळी होती आणि ती त्यानं कुणालाच सांगितली नव्हती.

तरुणपणी तो रस्त्याच्या कामावर होता. सुरुंग लावून पळायचं काम. एकदा पळायला उशीर झाला, डावा कान तेव्हाच गेला. मग पंचवीस-तीस वर्षं इंजिनांच्या पोटात डोकं घालून उजवाही झिजत गेला. गेली दोन वर्षं तर माणसं समोर नुसते ओठ हलवत. दातांतून हाडात आवाज शिरतो हे त्याला एक दिवस चुकून कळलं आणि इंजिनाचं निभावलं. माणसांचं मात्र अवघड. माणसाच्या छातीला स्क्रूड्रायव्हर लावता येत नाही. म्हणून त्यानं एक युक्ती धरली होती. कुणी काही बोललं की मान हलवायची आणि म्हणायचं, हो, हो. दहातल्या नऊ वेळा तेवढं पुरतं. बहिऱ्या मिस्त्रीकडे गाडी कोण आणेल, ही धास्ती त्याच्या मनात होती. आणि त्याच्या मते जगाला अजून पत्ता लागला नव्हता.

इंजिन ठीक वाजत होतं. पाव तास उभ्यानं चाललं, कुठं अडखळलं नाही. यांगडोलनं पाल्जोरला लोण्या-मिठाच्या गुरगुर चहाचा थर्मास दिला, सातूचं पीठ दिलं, नणंदेसाठी वाळल्या जर्दाळूंची पिशवी दिली. ट्रक गेला. ग्यालसन भट्टीसमोर बसून हात शेकू लागला.

तासाभरानं ट्रक परत दारात.

पाल्जोर खाली उतरला तो शिव्या देतच. वरच्या पहिल्या चढणीला, तीन किलोमीटरवर, गाडी दम लागल्यासारखी झाली आणि विझली. थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा लागली, म्हणून वळवून उतारानं आणली. सगळं हातवारे करून सांगितलं, त्यामुळे ग्यालसनला कळलं.

डिझेल थिजलं, ग्यालसन म्हणाला. यात शंका घेण्याजोगं काही नव्हतं. उभ्यानं चालते आणि ओझ्यावर मरते म्हणजे फिल्टरमध्ये मेण बसलं. थंडीत तूप थिजतं तसं डिझेलही थिजतं, इथल्या शेळ्यांनाही हे माहीत आहे. त्यानं टाकीचं झाकण काढून काठी बुडवून पाहिली. टाकी त्यानंच काल गळ्यापर्यंत भरली होती, कारण अर्धी टाकी रात्रभर घाम गाळते आणि त्याचं पाणी होतं. काठीवरचं डिझेल स्वच्छ दिसलं. पण नळीत थिजलं असेल. त्यानं दोन्ही फिल्टर खोलले, रॉकेलनं धुतले, झऱ्याच्या वाफेवर धरून शेकले, टाकीतलं थोडं काढून त्याजागी रॉकेल घातलं आणि झाकण लावलं.

तो फिल्टर बसवत होता तेव्हा यांगडोल मागून काही तरी म्हणाली. ग्यालसननं मान हलवली. हो, हो.

ट्रक पुन्हा गेला आणि पुन्हा आला. या वेळी चार किलोमीटर.

आता अकरा वाजले होते. दोनला ऊन दरी सोडून वर जातं आणि चारनंतर सुमदोची चढण आरशासारखी होते, तिथं साखळ्या लावूनही गाडी नाचते. पाल्जोर शिव्या द्यायचा थांबला होता. हे जास्त वाईट लक्षण होतं.

ग्यालसन पुन्हा खाली शिरला. थिजलं नसेल तर गाडीनं हवा धरली. थंडीनं तांब्याचे वॉशर आक्रसतात, जोडातून डिझेल गळत नाही पण वारा आत ओढला जातो. पुन्हा झाकण काढलं, काठी घातली, पाहिलं, लावलं. मग टाकीपासून पंपापर्यंतचे सगळे जोड उघडून त्यानं वॉशर बदलले. हातमोजे घालून हे काम होत नाही आणि उघड्या हातानं पान्हा धरला की कातडं पान्ह्याला चिकटून येतं. दर दोन बोल्टांनंतर तो बोटं गरम पाण्याच्या डब्यात बुडवायचा. यांगडोल डबे बदलत होती. तिनं त्याच्या खांद्याला हात लावून पुन्हा काही म्हटलं, टाकीकडे बोट केलं, गालफडं फुगवून दाखवली. ग्यालसनला वाटलं, थंडीबद्दल बोलतेय. हो, हो, म्हणाला, आत जा तू.

ती गेली नाही. उभी राहिली त्याच्याकडे बघत. मग डबा उचलून झऱ्याकडे वळली.

तिसऱ्यांदा गाडी लागली तेव्हा ग्यालसन आपला पान्ह्यांचा डबा घेऊन पाल्जोरशेजारी चढून बसला. पाल्जोरनं विचारल्यासारखं पाहिलं. ग्यालसन म्हणाला, जिथं मरते तिथं मला बघायचीय.

रस्त्याच्या एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला सिंधू. ग्यालसननं स्क्रूड्रायव्हर पायाशी फळीवर टेकवून मूठ दातांत धरली होती. तीन किलोमीटर झाले. इंजिन नीट होतं. चढण लागली. पाल्जोरनं गिअर खाली घेतला. साडेतीन किलोमीटरच्या पुढं ग्यालसनच्या दातांना कळलं, एक ठोका उणा पडला. मग आणखी एक. आजारी माणसाला धाप लागते तसं इंजिन करू लागलं आणि एका वळणावर आचका देऊन थांबलं. पाल्जोरनं ब्रेक दाबून धरला, ग्यालसन उडी मारून उतरला आणि मागच्या चाकांना दगड लावले.

समोर पांढऱ्या डोंगरांची रांग आणि त्या रांगेमागे सुमदो. ग्यालसनला ल्हामो दिसली, म्हणजे दिसल्यासारखी झाली. तंबूच्या तोंडाशी बसून रस्त्याकडे डोळे लावलेली. ती आरडाओरडा करणाऱ्यातली नाही. शेळ्या पडत जातील आणि ती एकेकीचं तोंड बंद करून त्यांना ओळीत ठेवत जाईल.

त्यानं कातड्याचा तुकडा बाजूला केला, मोजा काढला आणि झाकण फिरवलं. झाकण घट्ट बसलं होतं. दोन्ही हातांनी पिळलं तेव्हा निघालं. काठी बुडवली. डिझेल स्वच्छ. पाल्जोर बॉनेटकडून काही म्हणाला. ग्यालसननं सवयीनं मान हलवली.

पाल्जोर थांबला, परत काही म्हणाला, या वेळी टाकीकडे हात करून. ग्यालसनच्या जिभेवर 'हो, हो' आलं होतं. ते त्यानं तसंच धरलं. आज सकाळपासून आपण किती वेळा हो म्हणालो याचा हिशेब त्याला लागेना. कशाला हो म्हणालो, हे तर मुळीच माहीत नव्हतं.

"पाल्जोर," तो म्हणाला, "तू काय म्हणालास ते मला ऐकू आलं नाही. मला ऐकूच येत नाही आता. इकडं ये, उजव्या कानाशी, आणि ओरडून सांग."

 पाल्जोर वळसा घालून आला आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "टाकीनं श्वास घेतला म्हटलं, अझांगले. झाकण काढलं की आत हवा जाते, फुस्स करून. मघाशी अंगणातही गेली, दोन्ही वेळा. अनेले तेच सांगत होत्या तुम्हाला."

"मग मला नीट सांगितलं कसं नाही?"

"तुम्ही हो म्हणालात. मी म्हटलं, मिस्त्रीला ठाऊक आहे, त्याचा काही तरी विचार असेल."

ग्यालसन तिथंच मडगार्डला टेकला. डोक्यात एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसू लागली. टाकी गळ्यापर्यंत भरलेली. इंजिन डिझेल पितं, त्याच्या जागी हवा जायला हवी. हवा जात नसेल तर टाकी आतून ओढून धरते आणि पंपाला डिझेल येत नाही. उभ्यानं गाडी थोडं पिते म्हणून खूप वेळ चालते. चढणीला घटाघटा पिते म्हणून लगेच घुसमटते. थांबलं की कुठून तरी फटीतून हवा झिरपते आणि गाडी पुन्हा लागते. आणि तो स्वतः, चुमाथांगचा नामांकित मिस्त्री, दर वेळी डिझेल थिजलं का बघायला झाकण उघडत होता. म्हणजे दर वेळी तिला श्वास देत होता, आणि मग फिल्टर धुवून, वॉशर बदलून समजत होता की आपण दुरुस्त केली.

त्यानं झाकण उन्हात धरलं. झाकणाच्या मधोमध हवेसाठी सुईएवढं भोक असतं. तिथं काजळीनं काळा झालेला, बोटानं चेपलेला एक घट्ट ठिपका होता. नखानं उकरला तर नख वाकलं. त्यानं ठिपक्याला जीभ लावली.

"काय आहे?" पाल्जोर ओरडला.

"लोणी. यांगडोलचं."

पाल्जोरला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि तो रस्त्यातच खाली बसला. हसू की रडू असं त्याचं झालं होतं. म्हणाला, माझा बाप सांगायचा, लोसरच्या लोण्यानं वर्षभर काही अडत नाही.

ग्यालसननं लोकरी अंगरख्याचे, गोंचाचे बंद सोडले आणि झाकण काखेत धरलं. असं गार की त्याचे डोळे पाण्यानं भरले. पण लोणी आत भोकात मुरलं होतं आणि ते माणसाच्या उबेशिवाय सुटणार नव्हतं. तेवढा वेळ दोघे उभे होते. पाल्जोर उजव्या कानाशी ओरडून सांगत होता की चुमाथांगमध्ये सगळ्यांना दोन वर्षांपासून माहीत आहे. तुमच्याशी बोलताना सगळे भांडल्यासारखे ओरडतात ते काय उगाच?

ग्यालसन म्हणाला, "मला वाटायचं, माणसं उद्धट होत चाललीत."

लोणी मऊ झालं. त्यानं तारेच्या ब्रशातली एक तार उपटून भोक आरपार केलं, झाकण तोंडाला लावून फुंकर घातली. पलीकडे तळहाताला वारा लागला. कानाला नसेना का, तळहाताला लागला. झाकण बसवलं, हातपंप मारला, एअर काढली. गाडी पहिल्या हाकेला लागली.

त्यानंतर ती कुठंच थांबली नाही. महेच्या पुलावर पहाऱ्यावरच्या माणसानं हात केला, त्याला पाल्जोरनं हॉर्न वाजवून दाद दिली. सुमदोची चढण लागली तेव्हा साडेतीन झाले होते आणि सावलीतला रस्ता चमकायला लागला होता. साखळ्या लावल्या. दोन वळणांवर गाडी तरीही नाचली. ग्यालसननं मूठ दातांत धरली होती आणि शेवटी त्या लाकडावर दातांचे वळ उठले.

तंबू दिसले. तंबूंच्या अलीकडे ओळीनं काही ठेवलं होतं, त्यावर पातळ बर्फ साचलं होतं. ग्यालसननं मोजलं. एकवीस. पाच तंबूंच्या मिळून एकवीस. जिवंत शेळ्या दगडी कुंपणात एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, कुणाच्या पाठीवर, कुणाच्या मांडीवर लोकर उपटून गुलाबी कातडी उघडी पडलेली. ट्रकच्या आवाजाला एकही ओरडली नाही.

माणसं धावली. पण पोती कुणी कुंपणात ओतली नाहीत. उपाशी शेळीला पोटभर घातलं तर ती फुगून मरते, हे तिथल्या म्हाताऱ्यांना वेगळं सांगावं लागत नाही. ल्हामोनं कोंडा कोमट पाण्यात कालवायला लावला आणि मूठ मूठ करून एकेकीच्या तोंडाशी धरायला सगळ्यांना बसवलं. ग्यालसनला, पाल्जोरला, सगळ्यांना. बहिणीनं भावाला नमस्काराचं धड जुलेही म्हटलं नव्हतं. बरंच अंधारून आल्यावर ती त्याच्या शेजारी येऊन बसली आणि काही म्हणाली.

"अचेले, या बाजूनं बोल," ग्यालसन म्हणाला. "मला ऐकू येत नाही."

ल्हामो उठून उजवीकडे आली. कोंड्यानं माखलेल्या हातानं तिनं त्याचा कान धरला, लहानपणी धरायची तसा, आणि त्यात ओरडली, "तू लहानपणापासूनच ऐकत नव्हतास. आता निदान कारण तरी झालं."

आजूबाजूचे हसले. ग्यालसनही हसला, कारण या वेळी त्याला खरंच ऐकू आलं होतं. मग तिनं सांगितलं ते हळू सांगितलं, आणि ते त्याला तिच्या चेहऱ्यावरून आणि बोटांवरून कळलं. तिच्या एकशे चाळीसपैकी आठ गेल्या होत्या. बाकीच्या आज रात्री उभ्या राहिल्या तर राहिल्या.

रात्री थोडं बर्फ पडलं. सकाळी दोन शेळ्या कमी होत्या, ल्हामोची एक. बाकीच्या खाण्यासाठी धक्काबुक्की करत होत्या, एकीनं पाल्जोरची टोपी खायला घेतली.

दुपारी रिकामा ट्रक ग्यालसनला चुमाथांगला सोडून खाली लेहकडे गेला. यांगडोल दारात होती. तिला सगळ्यात आधी शेळ्यांचं सांगितलं. मग लोण्याचं सांगणं भाग होतं. पाल्जोर जाता जाता सगळ्या रस्त्याला सांगत जाणार, त्यापेक्षा आपल्या तोंडून कळलेलं बरं.

तिनं सगळं ऐकून घेतलं.  मग ती त्याच्या उजव्या बाजूला आली, आणि ही बाजू तिला कुणी सांगितली नव्हती.

"मी दोनदा सांगितलं तुम्हाला," ती मोठ्यानं म्हणाली. "टाकी सुस्कारा टाकतेय म्हणून. दोनदा."

"मला ऐकू आलं नाही."

"मग हो कशाला म्हणालात?"

 ग्यालसननं लोखंडी बुखारीत दोन शेणी सारल्या. मग म्हणाला, आपल्या लेकीला, कुन्झेसला निरोप धाड, लेहमध्ये कानाचा डॉक्टर बसतो त्या दिवशी मी येतो.  यांगडोल चहाला आधण ठेवायला गेली आणि तिथूनच तिनं विचारलं, पण मागं वळून, तोंड त्याला दिसेल असं :

"म्हणजे पुढच्या लोसरला ट्रकला लोणी लावायचं नाही?"

"लाव की. कोण नको म्हणतंय? झाकण तेवढं सोड."

बाहेर न्योमाकडून आलेली एक जीप दारात थांबली होती, मागचं चाक बसलेलं. चालकानं खिडकीतून डोकं काढून काही विचारलं. ग्यालसननं कानामागं तळहात धरला आणि पुन्हा सांग म्हणाला. चालक ओरडला, पंक्चर. ग्यालसननं चाक काढून आत आणलं, टायरमधून ट्यूब ओढून घेतली, हवा भरून गरम पाण्याच्या घमेल्यात बुडवली आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहत बसला.